मिलूची भाकरी आणि माझं शुद्धलेखन: गावातली लेखन कार्यशाळा (ओजेटीचा अनुभव आणि एक प्रश्न)

कोरी_वही | ६ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते, धागा पहिलाच आहे. लांबलाय, सांभाळून घ्या. एकादशीची खिचडी अंगावर आलीय, झोप येत नाहीये आणि डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून लिहायला बसले.

एम.ए. मराठीचं पहिलं वर्ष झालं. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आम्हाला चार क्रेडिटचं ओजेटी असतं, म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं. कॉमर्सवाले बँकेत नाहीतर सीएकडे जातात. मराठीवाल्यांनी कुठे जायचं? वर्गातल्या निम्म्यांनी वर्तमानपत्राची कचेरी गाठली, दोघी प्रकाशकाकडे प्रुफं तपासायला गेल्या. मी आजोळी गेले. फलटणच्या पुढे, माणदेशाच्या कडेचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या वाचनालयाच्या अध्यक्षांना मामाच्या ओळखीनं भेटले आणि म्हटलं, इथे सर्जनशील लेखनाची कार्यशाळा घेते. ते म्हणाले, "घ्या की. हॉल काय, रिकामाच असतो."

साडेचारशे रुपयांचा फ्लेक्स केला. 'सर्जनशील लेखन कार्यशाळा, सर्वांसाठी खुली, विनामूल्य.' पहिल्या दिवशी तेवीस जण. मी हरखले. मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "सर्जन किती वाजता यायचेत? गुडघा दाखवायचाय." त्यांच्यासोबत आणखी चौघं उठून गेली. दुसऱ्या शनिवारी फ्लेक्सवर कागद चिकटवून लिहिलं, 'आठवणी लिहू या'. तेव्हा नऊ आले.

वेळ चारची ठेवली होती, तीही चुकली. धारा काढायची वेळ ती. बायका साडेचारला चुळबुळायला लागायच्या, म्हशी काही कार्यशाळेसाठी थांबत नाहीत. मग दोन ते चार केलं. जेवणखाण, भांडी उरकलेली आणि गोठ्यात जायला अजून वेळ, तेवढीच फट. पुढे संख्या अकरावर स्थिरावली: बचत गटाच्या पाच जणी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले अण्णा, बारावीच्या दोन मुली, एक किराणा दुकानदार, शाळेतले एक शिपाईमामा आणि आक्का. २५ मेच्या रविवारी असा काही पाऊस झाला की हॉलमध्ये मी आणि ग्रंथपालकाका असे दोघंच. त्या दिवशी काकांनीच मला त्यांच्या पहिल्या सायकलीची गोष्ट सांगितली. पाऊण तास. मी ती टिपून घेतली. तीसुद्धा कार्यशाळेच्या हस्तलिखित अंकात आहे.

आता मुद्द्यावर येते.

आक्का त्रेसष्ट वर्षांच्या. शाळा तिसरीपर्यंत. लिहिता येतं, पण एका ओळीला दोन मिनिटं लागतात आणि मग चष्मा काढून डोळे पुसतात. म्हणून ठरवलं की त्या सांगतील आणि बारावीतली एक मुलगी लिहून घेईल. चौथ्या बैठकीत मी विषय दिला होता, 'आता कुणीच खात नाही असा एक पदार्थ'. आक्कांनी सांगितलं ते असं. (मुलीनं शब्दन् शब्द उतरवला होता, ते पान माझ्याकडे आहे. मिलू म्हणजे दुष्काळात सरकारनं वाटलेली लाल ज्वारी.)

"बहात्तरला मी धा वर्सांची व्हते. आई सडकंवर खडी फोडायला जायाची, मी धाकट्याला घिऊन लिंबाखाली बसायची. सरकारनं मिलू दिल्याली. लालभडक. मिलूची भाकरी तव्यात टाकली की कडंनं फाटायची. आई पान्याचा हात लावून सांदायची, पर ती फाटायचीच. मग आई म्हनायची, खा, पोटात गेल्याव सगळ्या भाकरी सारख्याच."

पुढच्या बैठकीपासून काम उरकावं म्हणून मी सगळ्यांचं लेखन फोनवर व्हॉइस टायपिंगनं टाइप करायला घेतलं. मी वाचायची, फोन लिहायचा. फोनला बोली येत नाही. 'मिलू'चं 'मिळू' झालं, 'व्हते'चं 'होते', 'सांदायची'चं 'सांगायची'. नंतर मी दुरुस्त्या करायला बसले आणि फोननं जिथे सोडलं होतं तिथून पुढे मीच सुरू झाले. हात आपोआप चालत होता. तयार झालं ते असं:

"१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यासाठी जात असे. शासनाकडून मिळालेल्या मिलोची भाकरी तव्यावर टाकली की कडेने तुटत असे. आई पाण्याचा हात लावून ती जोडण्याचा प्रयत्न करीत असे."

पालखी यायच्या आधीच्या रविवारी शेवटची बैठक होती. सगळ्यांचे प्रिंटआउट नेले आणि मोठ्यानं वाचायला लागले. आक्कांचं वाचून झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आक्कांनीही वाजवल्या. मग शेजारणीकडे वळून त्यांनी विचारलं, "चांगलं हाय. कुणाच्या आईचं लिवलंय हे?"

चेष्टा करत नव्हत्या हो त्या. त्यांना खरंच ओळखू आलं नाही.

त्या रात्री मी मुलीच्या हातचं पान काढलं आणि अकराही जणांचं मूळ लेखन परत लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगायला गेले तर ते भडकले. "माझं अजिबात बदलायचं नाही. शुद्ध केलंयस तसंच ठेव. एकतीस वर्षं गाडीवर लोकांनी मला 'ए मास्तर' करून हाक मारली. हे माझी नात वाचणार आहे, पुण्यात असते ती. तिनं हसायचं का आज्याला?"

अध्यक्षांचं म्हणणं, १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की हस्तलिखिताचं प्रकाशन करू, पण भाषा एकसारखी हवी, "नाहीतर लोक म्हणतील एम.ए.ची पोरगी ठेवली आणि अंक अशुद्ध काढला." कॉलेजातल्या मॅडमना अहवालासोबत प्रत द्यायचीय.

तर काय करू? अख्खा अंक बोलीत? अख्खा प्रमाण भाषेत? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

---

चहाटळ | ६ जुलै, रात्री १०.२०

पहिला! सर्जनशील लेखनाला गुडघा घेऊन आलेल्या आजोबांना माझा दंडवत. बाकी प्रतिसाद सवडीनं, आधी हसून घेतो.

---

निवृत्त_मास्तर | ६ जुलै, रात्री ११.०५

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं लाल पेन चालवला, त्यामुळे गुन्हेगार क्रमांक एक मी आहे असं समज.

पोरी, दोन गोष्टींची गल्लत होतेय. बोली वेगळी आणि अशुद्धलेखन वेगळं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ मध्ये त्यात चार वाढले. (बघ, तुझ्या आक्कांच्या दुष्काळाचंच साल.) त्या नियमांतच 'असे केले' ऐवजी बोलल्याप्रमाणे 'असं केलं' लिहायला मुभा आहे. म्हणजे बोलण्याला नियमांनी दार बंद केलेलं नाही. बंद केलं ते आम्ही मास्तरांनी.

तेव्हा आक्कांचा 'व्हते' राहू दे. पण एका पानावर 'न्हाई', दुसऱ्यावर 'नाय', तिसऱ्यावर 'नाही' असं एकाच माणसाच्या लेखनात नको. एक रूप धर आणि शेवटपर्यंत तेच ठेव. शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, ते बोलीतही पाळता येतं. बोलीचं शुद्धलेखन म्हणजे सातत्य, दुसरं काही नाही. अध्यक्षांना 'एकसारखी' भाषा हवी आहे ना? ही घ्या एकसारखी.

आणि तिसरीतल्या पोराच्या निबंधात 'माजी गाय लय गुनाची हाय' होतं, त्याला मी 'माझी गाय खूप गुणी आहे' करायला लावलं होतं. १९८९. अजून आठवतं. गाय मेली त्या वाक्यात.

---

शब्दखुळी | ७ जुलै, सकाळी ७.४०

मास्तरांशी सहमत, पण अण्णांचं काय? त्यांना स्वतःच्या भाषेची लाज वाटतेय हे सरळ दिसतंय. कोरी_वही, तू साहित्याची विद्यार्थिनी आहेस, त्यांना समजावणं तुझं काम आहे. 'ए मास्तर' म्हणणाऱ्यांचीच भाषा उचलून ती अण्णांच्या तोंडी घालायची? तो माणूस त्याच्या बोलीत लिहील तर सोनं होईल!

---

घाटमाथा | ७ जुलै, सकाळी ८.१५

@शब्दखुळी, समजावणं तिचं काम आहे असं कुणी ठरवलं? आधी शाळेनं सांगितलं 'तुझं अशुद्ध आहे, आमच्यासारखं बोल'. आता एम.ए. झालेले येऊन सांगणार 'तुझंच चांगलं आहे, आमच्यासारखं बोलू नकोस'. अण्णांनी करायचं तरी काय? दोन्हीकडे हुकूम आपलाच.

आणि 'सोनं होईल' हे आपल्याला वाटतं, शहरात बसून बोली वाचायला मजा येते म्हणून. अण्णांना प्रमाण भाषा हवी, कारण त्या भाषेत त्यांना कधी कुणी 'अहो' म्हटलं नाही. ती त्यांनी कमावलीय. घेऊ दे की.

---

शब्दखुळी | ७ जुलै, सकाळी ८.३१

हम्म. हे वाचून गप्प बसलेय. पूर्ण पटलं नाहीये, पण विचार करते.

---

खडूस_काका | ७ जुलै, दुपारी १२.१०

वेगळा सूर लावतो. १२० तास, मानधन शून्य, फ्लेक्सचे पैसे पदरचे, येण्याजाण्याचं भाडं पदरचं. ओजेटी म्हणजे फुकटची मजुरी नाही का? आक्कांच्या आईला निदान मिलू तरी मिळाली.

---

कोरी_वही | ७ जुलै, दुपारी १.३०

@खडूस_काका, हसू आलं आणि झोंबलंही. खरं सांगायचं तर हिशोब असा: फ्लेक्स साडेचारशे, वह्या दोनशे ऐंशी, झेरॉक्स वेगळे. राहणं-जेवण मामीकडे, त्यामुळे निभावलं. ज्यांना आजोळ नाही त्यांनी काय करायचं हा प्रश्न आहेच. आणि तास मोजण्याची तऱ्हा बघा. आठ बैठका गुणिले दोन तास, म्हणजे सोळा. उरलेले एकशे चार? तयारी, घरोघर जाऊन बोलावणं, लिहून घेणं, टायपिंग. लॉगबुकात 'आक्कांच्या ओट्यावर बसून ऐकलं, १ तास ४० मिनिटं' असं लिहिलं, तर सही करताना अध्यक्ष म्हणाले, "हे कामात धरायचं का?" पण ग्रंथपालकाका शेजारीच होते, ते म्हणाले, "धरायचं. माझा पगार बघता मीसुद्धा ऐकायचंच काम करतो." सही झाली.

@मास्तर, सातत्याचं पटलं. आक्कांच्या एकाच पानात मला 'पान्याचा' आणि 'पाण्याला' दोन्ही सापडलंय. मुलीनं लिहिताना झालं की आक्का खरंच दोन्ही म्हणतात, ते विचारावं लागेल.

---

अटलांटिकपल्याड | ७ जुलै, संध्याकाळी ६.५५ (आमची सकाळ)

मी इकडे अमेरिकेत लेखनाची पदव्युत्तर पदवी घेताना एका वृद्धाश्रमात असंच सत्र घेत होते, त्यामुळे धागा वाचून जुने दिवस आठवले. थोडं लांबण लावते.

इथे 'वर्कशॉप' म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आयोवा विद्यापीठ असतं. तिथला लेखन अभ्यासक्रम १९३६ चा, आणि पुढे देशभर जी पद्धत पसरली ती अशी की लेखकानं आपलं लेखन वाटायचं आणि मग तोंड बंद करून बसायचं. बाकीचे चर्चा करणार, त्यानं बोलायचं नाही. लिहिणाऱ्या, शिकलेल्या, जाड कातडीच्या लोकांत हे चालतं. (तिथेसुद्धा आता बरेच जण विरोधात बोलतात.) मी ते वृद्धाश्रमात केलं आणि एका आजोबांनी श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. विषय संपला.

मग मला मॅसॅच्युसेट्समधल्या पॅट श्नायडर यांची पद्धत कळली. ऐंशीच्या दशकात त्यांनी तिथल्या गरीब वस्तीतल्या बायकांसोबत लेखनाचे गट चालवले. त्यातले दोन नियम मला फार उपयोगी पडले. एक, नुकतंच लिहिलेलं ताजं लेखन वाचलं की ऐकणाऱ्यांनी फक्त काय लक्षात राहिलं, काय भिडलं तेवढंच सांगायचं. सुधारणा तेव्हा नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा: जे वाचलं जाईल ते सगळं कल्पित समजायचं. 'मी' लिहिलं असलं तरी ती लिहिणारी बाई आहे असं कुणी धरायचं नाही. 'तुझा नवरा असं करायचा?' हा प्रश्न त्या खोलीत विचारायचाच नाही. यानं बायका मोकळ्या होतात, कारण गाव लहान असतं आणि भिंतींना कान असतात. तुझ्याकडे असं काही झालं का?

---

कोरी_वही | ७ जुलै, रात्री ९.२०

@अटलांटिकपल्याड, अगं, आयोवाचं नाव मला माहीत नव्हतं, पण 'लेखकानं गप्प बसायचं' हे एका व्हिडिओत बघून दुसऱ्या बैठकीत मी केलं होतं! दुकानदारांचं लेखन होतं, त्यांच्या पहिल्या तराजूवर. ते गप्प बसले आणि बाकीचे बोलायला लागले. दोन मिनिटांत मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाची कळा आली. ती बिचारी खाली मान घालून बसलीय आणि मंडळी रंग-उंची बोलतायत. अण्णांनी तर थेट, "तराजूत पासंग असायचा त्याचं का नाही लिवलं?" दुकानदार तिसऱ्या बैठकीला आले नाहीत. मी दुकानात जाऊन दोन किलो शेंगदाणे विकत घेतले, तेव्हा चौथीला आले.

'सगळं कल्पित' हा नियम मला माहीत असता तर फार बरं झालं असतं. सहाव्या बैठकीत बचत गटातल्या एकीनं दारूबद्दल लिहिलं. वाचून झाल्यावर कुणीच काही बोललं नाही, पण सगळ्या जणी सगळं ओळखून होत्या. पुढच्या वेळी तिनं रव्याच्या लाडवांवर लिहून आणलं. त्यात काहीच नव्हतं. अंकात तिनं लाडूच दिलेत. मी आग्रह केला नाही.

---

परसबाग | ८ जुलै, सकाळी १०.००

आमच्या गावात महिला मंडळात असं काही करायचा विचार आहे. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? सगळ्या म्हणतात 'आम्हाला लिहिता येत नाही'.

---

कोरी_वही | ८ जुलै, रात्री ८.४५

@परसबाग, मी काय केलं ते सांगते, पण त्यातली चूक करू नका.

मला वाटलं, जी बाई 'मला लिहिता येत नाही' म्हणते ती दोन मिनिटांत उखाणा जुळवते. यमक आहे, दोन ओळींचं बंधन आहे, नाव कुठे दडवायचं याची कला आहे. तेव्हा सुरुवात उखाण्यानं! मोठ्या उत्साहात गोल बसवलं आणि एकेकीला नाव घ्यायला लावलं. चौथ्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक मावशी. त्या उठल्या, "पाणी पिऊन येते," म्हणाल्या आणि चप्पल घालून निघून गेल्या. शेजारणीनं हळूच सांगितलं, त्यांचे मालक जाऊन सहा वर्षं झाली.

माझ्या डोक्यातच आलं नाही हो. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, तेव्हा कॉलेजात भाषण केलं होतं मी त्यावर. बक्षीससुद्धा मिळालं होतं.

घरी गेले त्यांच्या. माफी मागितली. त्या मशीनवर फॉल लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू काय उठवलंस का मला? मी आपली उठले." पुढच्या शनिवारी आल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "माणसांचं नको, वस्तूचं नाव घिऊ." आणि स्वतःच सुरू केलं:

पायानं मारते पायडल, हातानं फिरवते चाक,
मशीनचं नाव घेते, आता कुणाचा न्हाई धाक.

मग अण्णांना चेव आला. पुरुष माणूस आणि उखाणा, पण घेतला:

स्वारगेटला गर्दी झाली, ट्रे गळ्यात घट्ट,
पंचचं नाव घेतो, सुट्ट्यांचा धरू नका हट्ट.

हा पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचं ते. बारावीच्या मुलींनी तो कधी पाहिलेलाच नव्हता, त्यांनी मशीनमधूनच तिकीट निघताना बघितलंय. अण्णांनी हवेत हात धरून टक्-टक् करून दाखवलं, पेटारा कसा उघडायचा, कोणत्या किमतीचं तिकीट कुठल्या खणात, नोटा बोटांच्या बेचक्यात कशा धरायच्या. त्या दिवशी दोन तास तेच चाललं. लिहून झालं ते बहुतेक त्यानंतरच.

---

चहाटळ | ८ जुलै, रात्री ९.०१

अण्णांचा उखाणा स्वारगेटच्या भिंतीवर रंगवावा अशी मागणी करतो. सुट्टे पैसे द्यावेत.

---

घाटमाथा | ९ जुलै, सकाळी ७.५०

जरा अवांतर, पण राहवत नाही. माझे वडील त्या दुष्काळात हजेरीपट लिहायला होते. आक्कांचं ते पान त्यांना वाचून दाखवलं. (वय ८१, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा.) म्हणाले, मिलू म्हणजे मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. 'मिलो' असं फक्त पोत्यावर होतं, माणसांच्या तोंडी मिलूच. सुकडी मिळायची तीही सांगितली. खडीचं माप ब्रासवर, आणि ढीग मोजताना बायका कडेला थोडी उंच रास लावायच्या, ते दिसायचं पण ते लिहायचे नाहीत. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची मुळं या सडकांवर आहेत. कायदा वाचायला मिळतो, भाकरी फाटायची हे कुठे मिळतं? तेव्हा 'मिलू'चं 'मिलो' करू नकोस, एवढंच.

दुसरं. जात्यावरच्या ओव्यांचं काम बघ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, बऱ्याच ओव्यांचा आवाजसुद्धा. तिथे ओवी जशी गायली तशी आहे, आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव तिच्याखाली. बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हतं. मुलानं, म्हणजे सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ऐकून टिपलं नसतं तर काय उरलं असतं? त्यांनी ते लेवा बोलीतच ठेवलं हेही बघ. 'मानूस'चं 'माणूस' केलं असतं तर शाळेतल्या पुस्तकात सोय झाली असती, पण मग ते बहिणाबाईंचं कशाला राहिलं असतं?

---

निवृत्त_मास्तर | ९ जुलै, सकाळी ९.३०

@घाटमाथा, 'ते दिसायचं पण ते लिहायचे नाहीत.' तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

कोरी_वही, अहवालाचं सोपं आहे. परिशिष्टात एका पानावर आक्कांचं मूळ आणि समोर तुझं 'शुद्ध' केलेलं असं दोन्ही लाव. खाली काही लिहू नकोस. मॅडमना कळेल.

---

अटलांटिकपल्याड | ९ जुलै, संध्याकाळी ७.१०

आणि कृपा करून प्रत्येकाकडे परत जा, वाचून दाखव आणि विचार. कागद हातात देऊ नकोस, मोठ्यानं वाच. डोळ्यांना शुद्ध दिसलेलं कानाला चटकन खोटं वाटतं, ते तू आक्कांच्या वेळी बघितलंच आहेस.

---

खडूस_काका | १० जुलै, सकाळी ११.००

अकरा घरं, प्रत्येकी एक तास, वर चहा. ओजेटीचे तास संपले ना आता? म्हणजे हेही फुकटच.

(जा तू. मी आपला बोलतो.)

---

कोरी_वही | १७ ऑगस्ट, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. कॉलेज सुरू झालं, त्यामुळे दोन शनिवार-रविवार जाऊन-येऊन केलं. अंक झाला.

सगळ्यांकडे गेले. (बारा घरं, काका. ग्रंथपालांचं एक धरून. चहा नऊ ठिकाणी, दोन ठिकाणी सरबत, एका ठिकाणी जेवूनच जा.) प्रत्येकाला दोन्ही प्रकारे वाचून दाखवलं आणि कुठलं ठेवायचं विचारलं. पाच जणांना बोली हवी होती, पाच जणांना प्रमाण. मशीनवाल्या मावशींनी आधी 'शुद्ध कर' सांगितलं, मी फाटकापर्यंत पोचले तर हाक मारून म्हणाल्या, "राहू दे, माझं होतं तसंच दे." त्या या पाचांतल्या नाहीत, कारण दोन दिवसांनी फोन करून त्यांनी उखाणा बोलीत आणि बाकीचं शुद्ध असं ठरवलं. शिपाईमामांनी तर अर्धं लेखनच नव्यानं सांगितलं. ऐकल्यावर आणखी आठवलं म्हणाले.

अण्णा ठाम राहिले, प्रमाणच. पण माझं शुद्धीकरण ऐकताना एका ठिकाणी थांबवलं. घाटात गाडी बंद पडते आणि एक म्हातारी विचारते तिथे मी लिहिलं होतं, "गाडी कधी सुरू होईल?" अण्णा म्हणाले, "छे छे. म्हातारी असं कुठं बोलली? ती म्हणली, 'ह्येला ढकलायची का आता?'" मग म्हातारीचं तेवढं तसंच.

आक्कांकडे शेवटी गेले. मुलीच्या हातचं पान वाचलं. 'पान्याचा' की 'पाण्याचा' विचारलं, तर म्हणाल्या, पान्याचाच, पाणी तुमच्यात पुण्यात असतंय. सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटून. मग म्हणाल्या, "एक बदल." मी म्हटलं, सांगा. "आई 'म्हनायची' लिवलंय तिथं 'म्हणायची' कर. माझं कायबी ऱ्हाऊ दे. पर आईचा ण चांगला व्हता. कीर्तनाला बसायची ती."

तर आक्कांच्या पानात आता एकच ण आहे. मास्तर, सातत्य गेलं. माफ करा.

अध्यक्षांना पहिल्या पानावर एक ओळ हवी होती, ती टाकली: 'प्रत्येकाचे लेखन ज्याच्या-त्याच्या पसंतीच्या भाषेत.' झेंडावंदनानंतर प्रकाशन झालं, जिलेबी वाटली. अण्णांची नात आली होती. बोलीतलं सगळं तिनं मोबाइलवर फोटो काढून नेलं, आज्याचं पान आज्यानं स्वतः वाचून दाखवलं. मॅडमनी अहवाल घेतला, परिशिष्टावर पेन्सिलनं फक्त एक बरोबरची खूण आहे. दोन्ही पानांच्या मधोमध. त्याचा अर्थ मी अजून लावतेय.

---

निवृत्त_मास्तर | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

सातत्य गेलं ते योग्य ठिकाणी गेलं. अंक कुठे वाचायला मिळेल?

---

कोरी_वही | १७ ऑगस्ट, रात्री १०.५२

चाळीस पानी आहे, स्पायरल बाइंडिंग. वीस झेरॉक्स काढले, ते सगळ्यांना वाटून संपले. वाचनालयात एक प्रत आहे, पण ती आता टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधून ठेवलीय. पहिली तिसऱ्याच दिवशी कुणीतरी रजिस्टरला नोंद न करता घरी नेली. काका म्हणाले, वाचनालयाच्या पंचवीस वर्षांत चोरीला गेलेलं हे पहिलं हस्तलिखित.

---

चहाटळ | १७ ऑगस्ट, रात्री १०.५५

गुडघेवाले आजोबा असणार.